पंचवटीला गद्दार का नाही म्हणालात?

प्रति,
आमच्या गल्लीच्या रामनवमी उत्सव मंडळाचे पदाधिकारी, सभासद आणि मंडळाबरोबर अयोध्येला जाणारी सगळी यात्रेकरू मंडळी यांस,

राम राम.

हे मी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं असतं, तर दोन मिनिटांत त्यावर फुलं, समया आणि जोडलेले हात येऊन पडले असते आणि माझं म्हणणं त्या ढिगाखाली गेलं असतं. म्हणून उघड पत्र लिहितोय. रामनवमी 6 एप्रिल 2025 ला आहे, त्याआधी बैठक होईल, आणि वैशाखातल्या यात्रेची यादीही त्याच बैठकीत पक्की होईल. त्याच्या आत हे वाचा.

निमित्त साधं आहे. 8 फेब्रुवारी 2025 ला मिल्कीपूरच्या पोटनिवडणुकीचा निकाल लागला. अयोध्या जिल्ह्यातली ही विधानसभेची जागा भाजपच्या चंद्रभानू पासवान यांनी 61,710 मतांनी जिंकली. ग्रुपवर फटाके वाजले. मलाही आनंद झाला, लपवत नाही. पण संध्याकाळी एक संदेश आला, "अयोध्येनं पाप धुतलं." त्याखाली दुसरा, "आता यंदा तिथून प्रसाद घ्यायला हरकत नाही." ही परवानगी वाचली आणि माझा घास घशात अडकला. रामाच्या गावचा प्रसाद घ्यायचा की नाही, हे आता मिल्कीपूरची मतमोजणी ठरवणार?

जरा मागं जाऊ. 4 जून 2024. अयोध्या ज्यात येते त्या फैजाबाद लोकसभा मतदारसंघात समाजवादी पक्षाचे अवधेश प्रसाद 54,567 मतांनी निवडून आले, आपले लल्लू सिंह पडले. प्राणप्रतिष्ठेला पाच महिनेही झाले नव्हते. त्या रात्री आपल्या ग्रुपवर काय काय आलं ते मी पुन्हा लिहीत नाही, कारण हे पत्र घरातल्या मुलीबाळीही वाचतील. एवढंच आठवून देतो की, "तिथं एक रुपयाही खर्च करायचा नाही, घरून दशम्या-चटणी न्यायची, पाण्याच्या बाटल्यासुद्धा इथूनच न्यायच्या, दर्शन घ्यायचं आणि गाडीत बसायचं" असा ठराव बैठकीविनाच पास झाला होता. देशभर हेच चाललं होतं. गाझियाबादेत तर अयोध्येच्या लोकांना शिवीगाळ करणाऱ्या व्हिडिओवरून पोलिसांनी अटक केली. दूरदर्शनवरच्या रामायणात लक्ष्मण झालेल्या नटानंही अयोध्यावासीयांना टोमणे मारले. अशी त्या आठवड्याची हवा होती.

आणि मी? मी जोडलेले हात टाकले होते. शोधून पाहा, सापडतील. मला राग आला होता. 1989 ला शिलापूजनाच्या वेळी मी कॉलेजात होतो. पंचवटीतल्या वाड्यावाड्यांतून सव्वा-सव्वा रुपया गोळा केला, विटेवर 'श्रीराम' लिहिलेलं पाहून म्हाताऱ्या बायका वीट उराशी धरायच्या, ते अजून डोळ्यांसमोर आहे. 2021 च्या निधी समर्पणात दहा रुपयांची कुपनं घेऊन पुन्हा तेच वाडे चढलो, तेव्हा गुडघे दुखत होते. पक्षाला मी लग्नाच्या आधीपासून मत देतोय. तेव्हा हे पत्र कुठल्या पुरोगाम्यानं लिहिलंय असं म्हणून बाजूला सारता येणार नाही. घरातलाच माणूस बोलतोय.

आता माझा प्रश्न. फैजाबादचं मतदान 20 मे ला झालं. आपलंही नाशिकचं 20 मे लाच झालं. त्याच दिवशी सकाळी मी आणि बायको शाळेत जाऊन रांगेत उभे राहिलो. आपल्या यंत्रावर कमळ नव्हतंच, युतीचे हेमंत गोडसे उभे होते, म्हणून मी धनुष्यबाणाचं बटण दाबलं. रामाचंच आयुध आहे, असं मनाला समजावलं. 4 जूनला गोडसे पडले. ठाकरे सेनेचे राजाभाऊ वाजे 1,62,001 मतांनी आले. आकडा पुन्हा वाचा. अयोध्येच्या जवळपास तिप्पट फरकानं नाशिकनं आपल्या उमेदवाराला घरी बसवलं. ज्या पंचवटीत राम-लक्ष्मण-सीता राहिले, शूर्पणखेचं नाक जिथं कापलं गेलं म्हणून गावाला नाशिक नाव पडलं असं आपण येणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूला सांगतो, ते गाव. जिथल्या काळारामासमोर पंतप्रधान 12 जानेवारी 2024 ला बसले, देवळाच्या आवारात स्वतः पोछा मारला, ते गाव. शेजारी दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार लाखाच्या वर फरकानं पडल्या, त्या मतदारसंघात वणीची सप्तशृंगी आहे. विदर्भात रामटेक गेलं, ते तर नावातच राम घेऊन बसलंय.

मग पंचवटीला कुणी गद्दार का म्हटलं नाही? रामकुंडावर चहा पिऊ नका, गोदाकाठी माळ घेऊ नका, नाशिकची द्राक्षं खाऊ नका, असा संदेश तुमच्यापैकी कुणाला आला का? मला नाही आला.

मी सांगतो का ते. कारण इथलं सगळं आपल्याला माहीत होतं. युतीत जागेवरून महिनाभर ओढाताण चालली, भुजबळ उभे राहणार की नाही यात एप्रिल गेला, उमेदवार जाहीर व्हायला मे उजाडला. सिन्नरनं आपल्या गावच्या माणसाला, वाजेंना, भरभरून मतं दिली, त्यात पक्ष कमी आणि भाऊबंदकी जास्त. डिसेंबर 2023 मध्ये कांद्याची निर्यात बंद केली ती थेट मतदानाच्या तोंडावर, 4 मे ला उठवली. तोवर लासलगाव-पिंपळगावच्या शेतकऱ्याच्या चाळीत कांदा सडला नाही तर मातीमोल गेला. तुमच्यापैकी निम्म्यांचे चुलते-मामे कांदेवाले आहेत. दिंडोरीचा निकाल आला तेव्हा आपले अध्यक्षच म्हणाले होते, "चूक दिल्लीची आहे, शेतकऱ्यानं काय करावं?" बरोबर बोलले. आपल्या पराभवाला कारणं होती. अयोध्येच्या पराभवाला मात्र आपण पाप म्हणालो.

तिथलीही कारणं होती, फक्त ती मराठीत नव्हती म्हणून आपल्यापर्यंत आली नाहीत. पहिली गोष्ट, मतदारसंघ फैजाबाद. त्यात पाच विधानसभा क्षेत्रं येतात: अयोध्या, बिकापूर, मिल्कीपूर, रुदौली आणि बाराबंकी जिल्ह्यातलं दरियाबाद. यातल्या अयोध्या क्षेत्रात, म्हणजे जिथं मंदिर आहे तिथं, लल्लू सिंह साडेचार हजारांवर मतांनी पुढेच होते. बाकीच्या चारांत मागं पडले. म्हणजे ज्या पेढेवाल्याकडून पेढा घ्यायचा नाही असं आपण ठरवलं, त्यानं बहुधा आपल्यालाच मत दिलं होतं. बहिष्काराचा पत्ताच चुकला होता.

दुसरी गोष्ट, ही जागा काही अमरपट्टा घेऊन आली नव्हती. 1989 च्या नोव्हेंबरात, शिलान्यास झाला त्याच महिन्यात, फैजाबादनं कम्युनिस्ट पक्षाच्या मित्रसेन यादवांना लोकसभेत पाठवलं. मी इथं विटा गोळा करत होतो आणि तिथं विळा-कणीस निवडून येत होतं. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी भांडलो असतो. पुढं विनय कटियार आले, मध्येच पुन्हा मित्रसेन आले, एकदा सपाकडून, एकदा बसपाकडून. 2009 ला काँग्रेसचे निर्मल खत्री. 2012 ला खुद्द अयोध्येची आमदारकी सपानं घेतली, आणि पडले कोण तर हेच लल्लू सिंह. 2014 ला ते पावणेतीन लाखांहून जास्त फरकानं खासदार झाले, 2019 ला तो फरक 65 हजारांवर आला होता. दुकानाचा गल्ला दरवर्षी असा उतरत असेल तर कुठलाही वाणी माल तपासतो. इथं कुणी तपासला नाही.

बाकीचं तुम्ही पेपरात वाचलं असेल. फेब्रुवारी 2024 मध्ये उत्तर प्रदेश पोलीस शिपाई भरतीची परीक्षा पेपर फुटल्यानं रद्द झाली, साठ हजार जागांसाठी बसलेली लाखो पोरं हात चोळत घरी गेली. लल्लू सिंहांनी प्रचारात राज्यघटना बदलायला दोन-तृतीयांश बहुमत लागतं असं काहीबाही बोलून ठेवलं, आणि तो व्हिडिओ गावोगाव फिरला. समोर सपानं खुल्या जागेवर दलितांतल्या पासी समाजाचा उमेदवार दिला, नऊ वेळा आमदार झालेला. "ना मथुरा ना काशी, अबकी बार अवधेश पासी" ही घोषणा ऐकली की कळतं, तिथं लढत राम विरुद्ध आणखी कुणी अशी नव्हतीच. ज्यांना आजवर कुणी नावानं हाक मारली नव्हती, त्यांना आपलं नाव घोषणेत ऐकू आलं.

आणि रामपथ.

इथं मी थोडा थांबणार आहे, कारण हे मी डोळ्यांनी पाहिलंय. फेब्रुवारी 2024 मध्ये आपण अयोध्येच्या खास आस्था रेल्वेगाडीनं गेलो होतो. दर्शन झालं, तुम्ही सगळे शरयूवर आरतीला गेलात, माझे गुडघे बोलत होते म्हणून मी रस्त्यावर एका माळेवाल्याच्या पायरीवर टेकलो. सहादतगंजपासून नया घाटापर्यंतचा हा तेरा किलोमीटरांचा रस्ता, दोन्ही बाजूंना एकसारखी रंगवलेली दारं, एकसारख्या पाट्या, पाहून छाती भरून येते. माळेवाल्याला मी म्हटलं, काय भाग्यवान तुम्ही. तो हसला आणि त्यानं मला दुकान दाखवलं. दुकान म्हणजे काय, माझ्या पसरलेल्या दोन हातांएवढी खोली. आधी ती आत लांबवर होती. रस्ता रुंद झाला तेव्हा पुढचा भाग गेला. जागा एका मठाची, हा तीन पिढ्यांचा भाडेकरू. जागेचे पैसे मालकाला, याला सामान हलवण्यापुरती रक्कम. वर नवा पुढचा भाग बांधून काढायचा खर्च याचाच. तो सरकारला शिव्या देत नव्हता. "मंदिर बना, अच्छा हुआ" हे तीनदा म्हणाला. पण मोजमाप असं सांगत होता, जसं एखादा माणूस आपल्या तुटलेल्या बोटाबद्दल सांगतो, रडत नाही, फक्त कुठून तुटलं ते दाखवतो.

मी स्वतः रामकुंडाच्या बाजूला पूजासाहित्य विकतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. वडिलांनी दुकान मांडलं तेव्हा ओट्यावर होतं. कापूर, वाती, जानवी, पळी-पंचपात्री, दशक्रियेचं सामान. मला त्या माळेवाल्याचं दुःख लगेच कळलं, कारण दुकानाची पुढची चार फूटच दुकान असतात. मागचं कोठार असतं. पुढची चार फूट गेली की गिऱ्हाइकाला तुम्ही दिसतच नाही. त्याच्याकडून मी एक तुळशीची माळ घेतली, घासाघीस न करता. चार महिन्यांनी त्याच माणसाकडून काही घेऊ नका, या ठरावावर मी हात जोडले.

त्याच जूनमध्ये पहिल्या पावसात रामपथ जागोजागी खचला, अभियंते निलंबित झाले, ते वेगळंच.

आता आपल्याकडं या. केंद्रानं रामकालपथ मंजूर केलाय, शंभर कोटींच्या आसपासचं काम. रामकुंड, सीतागुंफा, काळाराम हा परिसर सजणार. 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे. टपरीवर रोज चर्चा असते, कुणाचा ओटा जाणार, कुणाची पायरी जाणार, कुठला बोळ रुंद होणार. माझा विरोध नाही, परिसर चांगला झाला तर माझाच धंदा वाढेल. पण समजा उद्या माझी पुढची चार फूट गेली, मोबदल्यासाठी मी दोन वर्षं चकरा मारल्या, कुणी दाद दिली नाही, आणि रागाच्या भरात मी पुढच्या निवडणुकीत दुसरं बटण दाबलं. मग मी कोण? 1989 ला वीट वाहिलेला रामभक्त, की गद्दार? आणि त्या वर्षी गुजरातहून, सोलापूरहून येणाऱ्या यात्रेकरूंना कुणी सांगितलं, रामकुंडावर काही घेऊ नका, तिथल्या दुकानदारांनी रामाशी बेइमानी केली, तर तुम्ही माझ्या बाजूनं उभे राहाल का? आज खरं उत्तर द्या, तेव्हाचं आत्ताच कळेल.

दुकानदाराची एक रीत असते. जुनं गिऱ्हाईक पलीकडच्या दुकानात जाताना दिसलं तर पोटात कालवतं. पण आपण रस्त्यावर उतरून त्याला नमकहराम म्हणत नाही. आपण रात्री हिशेब करताना विचार करतो, कापूर ओला निघाला होता का, मागच्या वेळी पोरानं उद्धट उत्तर दिलं होतं का, उदबत्तीचा भाव दोन रुपयांनी जास्त लावला का. शिव्या घातल्यावर गिऱ्हाईक परत आल्याचं मी तीस वर्षांत पाहिलेलं नाही. आणि रामकुंडावर तर मी कुणाला काहीच विचारत नाही. अस्थींचं मडकं घेऊन आलेल्या माणसाला कुठला पक्ष विचारणार?

गंमत अशी की पक्षानं हीच दुकानदारी केली. तुम्ही अयोध्येला शिव्या देत होतात तेव्हा पक्ष मिल्कीपुरात माणसं जोडत होता. मुख्यमंत्री स्वतः पुन्हा पुन्हा तिथं गेले. उमेदवार दिला तोही पासी समाजाचाच. समोर अवधेश प्रसादांचे चिरंजीव होते. लोकांनी विचार केला आणि मत बदललं. यात पाप कुठं होतं आणि धुतलं कुणी? आपल्याकडंही नोव्हेंबरात तेच झालं. लोकसभेला दीड लाखावर मतांनी आपटवणाऱ्या याच मतदारसंघातल्या सहाच्या सहा विधानसभा जागा महायुतीला गेल्या, त्यात सिन्नरही आलं. सहा महिन्यांत नाशिककर नास्तिकाचे आस्तिक झाले का? मतदार तेच होते, भांडण वेगळं होतं.

माझं म्हणणं एका वाक्यात मांडायचं तर असं: मत म्हणजे नवस नव्हे. "मंदिर बांधलं, आता मत द्या, नाही दिलं तर देवाचा कोप" हे बोलणं नवसाचं आहे. नवस भक्त आणि देव यांच्यात असतो, त्यात वसुलीला तिसरा माणूस येत नाही. आणि मंदिर एकट्या पक्षानं बांधलेलंही नाही. निकाल सर्वोच्च न्यायालयाचा, 9 नोव्हेंबर 2019 चा. पैसे लोकांचे. मी ज्या वाड्यांतून कुपनं फाडली त्यातले निदान चार वाडे पिढ्यान्‌पिढ्या काँग्रेसवाले आहेत. त्यांनी दहाची नोट देताना आधी देवापुढं ठेवून मग माझ्या हातात दिली होती. त्यांचा राम मी कुठल्या यादीत टाकू?

तुम्ही म्हणाल, रामायणातच अयोध्येच्या लोकांनी रामाला वनवासात पाठवलं, त्यांचं रक्तच तसलं. हे ग्रुपवर तीन वेळा आलंय. मंडळी, दरवर्षी नवरात्रात आपण कीर्तनं ऐकतो ती झोपेत ऐकतो का? वनवास राजवाड्यानं दिला, नगरानं नाही. वाल्मीकींच्या अयोध्याकांडात नगरचे लोक रामाच्या रथामागं धावत तमसा नदीपर्यंत गेले. म्हातारे ब्राह्मणसुद्धा पायी चालत होते. परत जा म्हटलं तरी जाईनात. शेवटी ते थकून झोपलेले असताना राम पहाटे उठला आणि सुमंत्राला म्हणाला, रथ आधी उत्तरेकडं ने, मग वळव, म्हणजे यांना चाकांचा माग लागणार नाही. त्यांचे हाल नकोत म्हणून त्यांना चुकवून गेला. प्रजेवर एवढी माया करणाऱ्याच्या नावानं आपण त्या प्रजेच्या वंशजांचं पाणी बंद करत होतो.

आणि उत्तरकांडातला लोकापवाद म्हणाल, तर तिथंही रामानं बोलणाऱ्याला शिक्षा केली नाही, लोककथेतल्या धोब्याच्या घाटावरही बहिष्कार घातला नाही. त्यानं सीतामाईचं जे केलं त्यावरून माझ्या बायकोचं आणि रामाचं जुनं भांडण आहे, त्यात मी पडत नाही.

आणखी एक गोष्ट बोलतो, ती कडू लागेल. रामाचा कोण आणि रामाचा नाही कोण, ही वाटणी आपल्या गावानं आधीही एकदा केली आहे. 2 मार्च 1930 ला बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्यामागं हजारो माणसं काळारामाच्या दारात आली होती. शस्त्र नाही, शिवी नाही. दर्शन मागत होती. दारं बंद राहिली. त्या वर्षीच्या रामरथाच्या दिवशी रथ ओढण्यावरून दगडफेक झाली. पाच वर्षं हे चाललं आणि 1935 ला इथून जवळच येवल्यात बाबासाहेबांनी सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही. माझे आजोबा तेव्हा पंचवटीत होते. ते कुठल्या बाजूला होते हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि न सांगण्यातूनच आम्हाला ते कळलं. आता फैजाबादेतून एक पासी माणूस खुल्या जागेवर निवडून येतो आणि आपण म्हणतो रामाचा अपमान झाला. नक्की कुणाला दारातून परत पाठवतोय आपण? जरा आठवा.

दुसऱ्या बाजूचेही ऐकून ठेवा, कारण हे पत्र त्यांच्याही हाती पडेल. "अयोध्येनं राम नाकारला" म्हणून जे हसत होते, भाषणांतून अयोध्येचा निकाल ट्रॉफीसारखा फिरवत होते, ते तुमचीच भाषा उलटी करून बोलत होते. त्यांनाही मतदार दिसला नाही, फक्त मंदिर दिसलं. आपल्याकडं पाहा ना, 12 जानेवारीला काळारामासमोर मोदी, 22 जानेवारीला उद्धव ठाकरे. दहा दिवसांत दोन नेते त्याच काळ्या मूर्तीसमोर बसून गेले. दोघांनाही त्यानं काही सांगितलं असेल तर ते बाहेर आलेलं नाही. पुजाऱ्यांनी दोघांनाही तीर्थ दिलं.

आता कामाचं.

मंडळानं तो जूनचा संदेश ग्रुपवरून काढावा, आणि ज्यांनी टाकला त्यांनीच काढावा. माझे जोडलेले हात मी काढतोय. रामनवमीच्या मांडवात यंदा कुठल्याही पक्षाचा फलक नको, आपलाही नको. वर्गणी घेताना समोरचा काय मत देतो हे पाहिलं नाही, तर सुंठवडा वाटताना का दाखवायचं? नगरसेवकांचे शुभेच्छा फलक लागतात, त्यांचे पैसे मिळतात, मला माहीत आहे. ते पैसे किती होतात ते खजिनदारांनी सांगावं, कमी पडतील तेवढे मी आणि माझ्या बाजूचे तीन दुकानदार भरून देऊ. बोलून ठेवलंय. कामदा एकादशीच्या रथोत्सवात तालमीची पोरं रथ ओढतात तेव्हा कोण कुठल्या पक्षाचा हे रथाच्या दोराला कळत नाही, मांडवालाही कळू नये.

आणि वैशाखातली यात्रा. घरून दशम्या न्यायला माझी हरकत नाही, गाडीत खायला बऱ्या लागतात. पण अयोध्येत जेवण तिथल्या भोजनालयात, फुलं तिथल्या फुलवाल्याकडून, प्रसाद तिथल्या दुकानातून. कुणाला हे मान्य नसेल त्यानं बैठकीत उभं राहून सांगावं, ग्रुपवर नको.

माझं आणि बायकोचं नाव यादीत घ्या. खालचे बर्थ द्या, गुडघ्यांमुळं. रामपथावरचं ते माळेवाल्याचं दुकान मला सापडेल असं वाटतं, पाटी सगळ्यांसारखीच आहे पण पायरीचा एक कोपरा फुटका आहे. मला दुकानासाठी तुळशीच्या माळा लागतात दोनशे, एरवी मी त्या दुसरीकडून मागवतो. यंदा त्याच्याकडून घेणार आहे. भाव तो सांगेल तो.

आपला,
रामकुंडाजवळचा पूजासाहित्यवाला
आणि मंडळाचा 1991 पासूनचा सभासद